विमानातली उजवी जागा

मी, यादव सुकदेव बैसाणे, वय ७४, निवृत्त विमान मेकॅनिक, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही. दाब आणायला घरात कोणी उरलेलेच नाही. पत्नी झुंबरबाई सहा वर्षांपूर्वी वारली.

१. घर व बँकेतील ठेव मुलगी वृषाली हिला. ती नाशिकला असते. रविवारी फोन करून "आबा, जेवले का?" विचारते. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही.

२. सर्व हत्यारे शिंदखेड्याच्या ईश्वरला. तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो, हात चांगला आहे, पण घाई फार. घाईने काय होते ते पुढच्या कलमात वाचावे.

३. पत्र्याच्या शेडमधील दोन आसनी, कापडी पंखांचे विमान. आमच्या फ्लाइंग क्लबात दोन पिढ्या यावरच उडायला शिकल्या. क्लब बंद पडला तेव्हा मी ते भंगाराच्या भावात घेतले. ते क्लबचे तेव्हाचे वैमानिक, दोंडाईचाचे धनसिंग गिरासे यांना द्यावे. क्लबच्या माजी सेक्रेटरींना ते त्यांच्या हॉटेलच्या गच्चीवर ठेवायचे आहे. त्यांना चाकसुद्धा देऊ नये.

धनसिंगलाच का, त्याचे कारण लिहितो. क्लबात रिवाज होता: दुरुस्तीवर ज्याची सही, त्याने पहिल्या उड्डाणात उजव्या जागेवर बसायचे. डिसेंबर १९९७ मध्ये सुकाणूची तार मी बदलली. त्या सकाळी धनसिंग सगळ्यांदेखत हसून म्हणाला, "आपला यादव जमीनवर वाघ शे, वर गया का शेळी व्हई जास." मला वर उलट्या व्हायच्या, हे खरे होते. पण राग आला. मी घाईत सही केली, माझ्या जागी वाळूचे पोते पट्ट्याने बांधले आणि म्हणालो, "तू एकलाच जाय."

मी बसणार असतो तर तारेची खीळ दोनदा पाहिली असती. खीळ नसलेली तार वर सुटली आणि विमान कपाशीच्या शेतात उतरले. धनसिंगचा पाय मोडला, लायसन्स गेले. खीळ आदळताना शेतात कुठेतरी पडली असावी, चूक वैमानिकाची, असे चौकशीत ठरले. ती मला शेडच्या फरशीवर सापडली होती. मी ती खिशात टाकली, कोणाला दाखवली नाही.

दवाखान्यात त्याने एकदाच विचारले, "यादव, तू बठ्ठं तपासं व्हतं ना?" सगळे तपासले होते, अशा अर्थाने मी "हाव" म्हणालो. त्याने मानले. स्वतःचाच हात चुकला असे तो अठ्ठावीस वर्षे समजत आला आहे. पुढे तो काठी टेकत घरी यायचा आणि मी आत बसून झुंबरबाईला "घरी नाहीत" म्हणायला लावायचो. शेवटी त्याने येणे सोडले. खीळ विमानासोबत द्यावी. धनसिंग, चूक माझी होती. मला तुझी फार आठवण येते.

४. मागे बुद्धवंदना व्हावी. जेवणावळ नको.

साक्षीदार धनसिंगलाच करावे, निदान त्या निमित्ताने तो दारात येईल, असे मी वकिलांना म्हणालो. ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये, असे ते म्हणाले. मग विमान दुसऱ्याला लिहून त्याला साक्षीला बोलवावे, असाही विचार केला. पण बोलावून तो आलाच नाही तर, या भीतीने विमानच दिले.

स्थळ : धुळे
दिनांक : ९ डिसेंबर २०२५

(सही) यादव सुकदेव बैसाणे

साक्षीदार : १. आकाश पानपाटील (सही) २. स्नेहल देवरे (सही)
दोघेही वकिलांच्या कचेरीतले. माझी त्यांची ओळख आजचीच.