आईचा पंखा

शनिवार, संध्याकाळ. उजनीच्या काठावर, तंबूत.

वारं अजिबात नाही. बॅटरीचा पंखा तोंडासमोर ठेवून लिहितेय. पंखा आईचा. सोलापूरच्या घरी लाइट गेली की तिचा जीव घाबरा होतो, म्हणूनच घेतलेला. एका रात्रीपुरता म्हणून मी तिला न विचारता उचलून आणला.

मघाशी तिचा फोन आला. "लाइट गेली हाय. माझा पंखा कुटं ठेवलाय गं?"

खरं सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं, "कपाटावर बघ की." असं का म्हणाले मी? तिचे गुडघे असे दुखरे, आणि ती स्टुलावर चढली असेल का?

आत्ता परत फोन. धापा टाकत होती. "कपाटावर न्हाय. थांब, पलंगाखाली बघते. तितं वारं हाय का गं?"

पंखा तोंडासमोरच होता. "आहे," म्हणाले.