बहिऱ्याच्या कानाशी

तांबट आळी, नाशिक
आश्विन, १९३७

प्रिय गोरख,

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, सुबक आणि उतावळं. दिवाळीला दोघे-तिघे लेखक मित्र घेऊन येतोस, त्यांना नाना दाखवायचे आहेत, ते ऐरणीपाशी बसलेले असताना फोटो काढून तुझ्या पुस्तकात घालायचा आहे, सगळं वाचलं. पाहुण्यांना बाप दाखवायला आणणारा मुलगा आळीत तरी तू पहिलाच. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात, त्यातलं पहिलं तू निवडलंस. यायचं की नाही ते हे पत्र पुरतं वाचून ठरव. मधली पानं गाळून शेवट बघायची तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून बजावते.

इकडे राज्य आपलं झालं, असं सगळे सांगतात. काँग्रेसचे मंत्री झाले तेव्हा आळीत गूळ वाटला, मीही खाल्ला. पण गिऱ्हाईक जर्मलच्या, त्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यांना भुललं आहे. हलकं, स्वस्त, कल्हईची कटकट नाही. इब्राहिमचाचा कल्हईवाला त्या भांड्यांना रोज सकाळी शिव्या घालतो आणि मग चहा पितो. मध्यंतरी तो लेकीकडे पुण्याला गेला, तेव्हा तुझ्या बिऱ्हाडी डोकावला होता. परत येऊन म्हणाला, “बेटी, गोरखच्या चुलीवर बी जर्मलच हाय.” स्वदेशीवरचे तुझे लेख मी वाचले होते, त्यामुळे चाचाला खोटं पाडावंसं फार वाटलं. पण भांड्यांच्या बाबतीत चाचा खोटं बोलत नाही.

आपल्याकडचं वाचन तुला आठवत असेल. जन्मभर तांबं ठोकून नानांचे कान गेलेले. वर्तमानपत्र वाचायचं तर त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. दुपारी भाकरीच्या वेळी हातोडे थांबले की मी ओट्यावर बसून ओरडत असे आणि अख्खी आळी फुकटात ऐकत असे. मीठ कुठे उचललं, कुणाला धरलं, काळ्या रामाच्या दाराशी कोण बसलं, सगळं नाशिकला माझ्या घशातून कळायचं असं मला वाटे. आळीतली चिमणाबाई म्हणायची, “आक्का, तू बाई पुढारीच व्हायची.” माझी शाळा चौथीत सुटली आणि सासर विसाव्या वर्षी. पांढऱ्या कपाळानं परत आलेल्या बाईला या घरात चूल आणि तो ओटा, एवढंच होतं. चुलीचं मला कौतुक नव्हतं. ओटा मात्र मला फार आवडत असे.

मग फाल्गुनात तुझा लेख छापलेलं मासिक आलं. ‘बहिरा बाप’ हे नाव बघून मला वाटलं, पोरानं बापाचे पांग फेडले. मी दारोदार जाऊन माणसं गोळा केली. त्या दिवशी लोकांनी हातोडे लवकर खाली ठेवले. पहिलं पान मी झोकात वाचलं. दुसऱ्या पानावर ‘देश हाक मारतो आहे आणि आमचा बाप हंडा बडवतो आहे’ असं आलं, तशी माझी जीभ अडखळली. मी आवाज खाली आणला. नानांनी माझा दंड धरला. “मोठ्यानं वाच गं, आपल्या पोराचं हाय.” म्हणून पुढचंही मी ओरडूनच वाचलं. तू तुरुंगात असताना नाना लाडू घेऊन भेटीला आले, शिपाई म्हणाला, हा सरकारचा गुन्हेगार आहे, आणि नाना हसून म्हणाले, हो, लहानपणापासनंच गुणी आहे. फार मजेदार लिहिलं आहेस. आळी हसली. चिमणाबाई पदराचा बोळा तोंडात धरून हसली. नानाही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. लाडू कसे झाले होते, ते मात्र लिहायचं तुझ्याकडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन बसले, तर नाना बाहेर येईनात. म्हणाले, “डावा बी गेला आता. नको वाचूस.” गेलाबिला नव्हता. भाकरी वाढली असं ओरडलं की उठत, वर्तमानपत्र म्हटलं की ऐकू येत नसे. पुढे तर भाकरीच्या वेळीही एकटेच हंडा ठोकत बसू लागले, म्हणजे दुसऱ्या कुणासाठीही मला वाचता येऊ नये. आळीचं वाचन तिथंच संपलं. तुला त्या लेखानं नाव दिलं म्हणतात. माझा ओटा त्यानं नेला. तुला मी क्षमा केलेली नाही आणि करायचा विचारही नाही.

आता नानांचं. गणपती बसायच्या आधी त्यांना ताप भरला. डॉक्टर झाले, काढे झाले. मी कानाशी ओरडले, गोरखला तार करू? त्यांनी हातानं खूण केली, ऐकू येत नाही. पुन्हा ओरडले. काय झालं म्हणून शेजारची अमिनाचाची धावत आली, पण नानांची खूण तीच. मग पाणी देऊ का विचारलं, तर लगेच तोंड उघडलं. पहाटे गेले. अग्नी चुलतभावानं, सावळीरामनं दिला. तार मी केली नाही, कुणाला करूही दिली नाही. दहाव्याला गंगेवर कावळा पिंडाला शिवेना. सावळीराम हात जोडून म्हणाला, नाना, गोरखला बोलावून घेतो. फांदीवरचे कावळे हलले नाहीत. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा मी पुढे झाले आणि ओट्यावरच्या माझ्या आवाजात ओरडले, “नाना, गोरखला घरात घेणार नाही!” कावळा आला आणि चोच भरून भात घेऊन गेला. कावळ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची तू एका लेखात चेष्टा केली आहेस. भूकच लागली असेल त्याला. पण शब्द मी दिला आहे. तेव्हा मित्रांना आणायचं तर खुशाल आण. फोटो रस्त्यावरून काढ. दाराशी उभा राहून तू कितीही हाका मारल्यास तरी मला ऐकू येणार नाही. बापाचं काहीतरी लेकरात उतरतंच, ते माझ्यात उतरलं आहे.

तुझीच,
आक्का