पळसगावात थांबलेला खेळ

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
९ मार्च २००३

प्रिय लतिकाताई,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल, कदाचित रागही येईल. फोन केला तर तू ठेवून देशील, आणि ई-मेल केला तर मोरेश्वरच्या ई-मेलांसारखाच तोही तसाच पडून राहील. पाकिटावरच्या माझ्या अक्षराला मात्र तू लहानपणी मुंग्यांची वरात म्हणायचीस, त्यामुळे निदान सवयीने तरी उघडशील, अशी आशा आहे. इथे अजून बर्फ आहे. कॅम्पसची बस पंधरा मिनिटं उशिरा येते आणि आम्ही थंडीत पाय आपटत उभे राहतो. तुझा भाऊ बरा आहे, असं लिहिणार होतो. पण मोऱ्या बरा नाही.

तुला आमची मोरविनची वही आठवते का? आठवीच्या सुट्टीत नागपूरला, तुमच्या मागच्या खोलीत कूलरसमोर पालथं पडून आम्ही दोघांनी तो देश बनवला होता. मोरेश्वरचा मोर आणि विनयचा विन. डोंगरांना नावं सुचेनात म्हणून स्वयंपाकघरात गेलो, आणि खलबत्त्याचा डोंगर, तिखटाचं वाळवंट, पोळपाट पठार अशी नावं घेऊन बाहेर आलो. समुद्र तू रंगवलास. निळा खडू संपला होता म्हणून हिरवा. मोऱ्याने केवढं भोकाड पसरलं होतं! काकू म्हणाल्या, "राहू दे बाप्पा, तुमचा समुद्र तसाच असंल." तो अजून हिरवाच आहे, ताई. तेव्हाच आम्ही एक नियम केला होता. जिथे कुणी गेलेलं नाही ते गाव नकाशात पेन्सिलीने काढायचं, कारण ती नुसती ऐकीव गोष्ट. तिथे पाय ठेवला की शाईने काढायचं. आणि शाईने लिहिलेलं खोडायचं नाही, नंतर कितीही पस्तावलो तरी.

ती वही मोऱ्याने इथे आणली, बॅगेत लोणच्याच्या बरणीच्या बाजूला ठेवून. इथे पुण्याचा ईशान आणि त्याची वर्गमैत्रीण नेत्रा भेटले. ते फासे टाकून असे खेळ खेळायचे. एकाने जग चालवायचं, बाकीच्यांनी त्या जगातला एकेक माणूस व्हायचं. कोण जगलं, कोण पडलं ते फासे सांगतात. आमचं जग तयारच होतं, म्हणून चालवायचं काम माझ्याकडे आलं. ईशान त्याला गेम मास्टर म्हणतो, मी सूत्रधार म्हणतो. दर शनिवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर राजा, चोर, भटारीण, सगळ्यांच्या तोंडून मीच बोलायचो. कुणाला काय कळू द्यायचं आणि केव्हा, हेही मीच ठरवायचो. हे काम मला फार छान जमतं असं सगळे म्हणायचे, आणि मीही जरा फुशारलो होतो.

नोव्हेंबरात तुमची आई गेली, माझ्या काकू गेल्या. बातमी कळून मोऱ्याने फोन केला तेव्हा तू "आता कशाला फोन केलास" एवढंच म्हणालीस आणि ठेवलास. नंतर तो महिनाभर धड जेवला नाही. मी खिचडी करायचो, ती सकाळी मीच फेकून द्यायचो. बोलावं तर बोलायचा नाही. अशा माणसाला कसं सावरायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही, ताई. मला एकच गोष्ट येते, ती मी केली.

डिसेंबरातल्या एका शनिवारी त्याचा खेळातला तिरंदाज जखमी होऊन एका गावात पोचला. पळसगाव, तोवर पेन्सिलीतलं. मी एका घराचं दार उघडलं आणि आतल्या म्हातारीच्या तोंडून म्हणालो, "काऊन रे, किती वाळला! हात धुतले का आधी?" ताई, हे मी ठरवलेलं नव्हतं. तुमच्या घरी पंधरा वर्षं जेवलोय मी. काकूंचा आवाज माझ्याही कानात आहे, तो तोंडात आला. मोऱ्याने वर बघितलं आणि हसला. महिन्याने पहिल्यांदा हसला. मग खेळातल्या म्हातारीने त्याला कोथिंबीर भरलेली सांबारवडी वाढली आणि त्या दिवशी त्याने खरोखरची खिचडी दोनदा मागून घेतली. मला वाटलं, जिंकलो.

तेव्हापासून तो पळसगावातच आहे. तिरंदाज तिची लाकडं फोडतो, पाणी भरतो, संध्याकाळी ओट्यावर बसून तिच्याशी गप्पा मारतो. तिकडे उत्तरेकडच्या राणीने खिंड बंद केली, ईशानचा सरदार कैदेत पडला, पण याला सोयरसुतक नाही. दोन महिन्यांनी ईशान म्हणाला, "यार विनय, आपण इथून मूव्ह कधी करणार? हा गेम आहे की थेरपी?" मी म्हटलं, थोडं थांब. नेत्रा पुढच्या शनिवारपासून आलीच नाही. मग ईशानही यायचा बंद झाला. आता टेबलाशी आम्ही दोघंच असतो, फासे डब्यातच असतात. मोऱ्या लॅबला आठवड्यातून दोनदा जातो. त्याच्या प्रोफेसरने मे अखेरपर्यंत काम दिसलं नाही तर असिस्टंटशिप काढून घेईन असं लेखी दिलंय, आणि ती गेली की इथे राहताही येणार नाही. मी हे बोलायला लागलो की तो म्हणतो, "शनिवारी बोलू." शनिवारी तो माझ्याशी बोलत नाही, तिच्याशी बोलतो.

म्हातारीला मारून टाकावं असंही मनात आलं. सूत्रधाराला ते अवघड नसतं, रोगाची एक साथ आली की झालं. पण काकूंना दुसऱ्यांदा मारायला माझा हात धजत नाही. आणि जिवंत ठेवलं तर हा संपतो. चूल मीच पेटवली, आता ती विझवताही येत नाही आणि त्याला तिथून उठवताही येत नाही. इतका हतबल मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

काल शनिवार होता. तिरंदाज लाकडं रचून ओट्यावर बसला. मी नेहमीप्रमाणे म्हातारीच्या आवाजात जेवायला बोलावलं. तो उठला नाही. खाली मान घालून म्हणाला, "आई, तू मला बोलावलं का नाहीस?" इतके दिवस तो तिला आजी म्हणत होता. तो माझ्याकडे बघत राहिला, माझ्याकडे म्हणजे तिच्याकडे. काकू जन्मात कधी खोटं बोलल्या नाहीत, त्यांच्या तोंडून मी खोटं कसं बोलणार? आणि खरं कसं बोलणार? चहा ठेवतो, असं म्हणून मी उठलो.

कारण त्यांनी बोलावलं होतं. तुझा फोन मी घेतला होता, ताई. सकाळची वेळ होती, मोऱ्या लॅबला गेला होता. तू म्हणालीस, आई त्याचं नाव घेतेय, आजच निघायला सांग. मी हो म्हटलं. आणि त्याला काय सांगितलं माहीत आहे? काकूंना ताप आहे, काळजीचं कारण नाही, सेमिस्टर संपव. आमच्याच डिपार्टमेंटमधले दोघं उन्हाळ्यात घरी गेले ते व्हिसाच्या शिक्क्यासाठी अडकले होते, अजून परतले नव्हते. हाही अडकेल, याची चार वर्षं वाया जातील, असं मला वाटलं. तो गेला तर मी इथे एकटा पडेन, हेही वाटलं, ते लपवत नाही. कुणाला काय कळू द्यायचं ते मी ठरवलं, जणू नागपूरचं तुमचं घरही माझ्या वहीतलंच होतं. चार दिवसांत काकू गेल्या. तू समजतेस, निरोप मिळूनही तो आला नाही. तो समजतो, त्याला कुणी बोलावलंच नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये मी उभा आहे आणि तीन महिने सांबारवडी वाढतोय.

पुढच्या शनिवारी मी त्याला सांगायचं ठरवलंय, माझ्या स्वतःच्या आवाजात. पण माझा माझ्यावर भरवसा नाही. ऐन वेळी मी पुन्हा चहा ठेवायला उठेन. म्हणून हे पत्र आधी पोस्टात टाकतोय. तुझ्या हातात पडायला दहा-बारा दिवस लागतील, त्याच्या आत मला बोलावंच लागेल. मला माफ कर असं मी म्हणत नाही. फक्त त्याचा फोन आला तर या वेळी ठेवू नकोस, आणि काकू त्याचं नाव कसं घेत होत्या ते त्याला सांग. ते मला माहीत नाही, आणि ते मी बनवून सांगणार नाही. पत्र शाईने लिहिलंय, ताई.

अजूनही म्हणू देत असशील तर तुझाच,
विनय