अस्मीला मालवणी येत नाही

शारजा, ता. ७ एप्रिल १९९९

चि. गुणाजीस थोरल्या बायचा आशीर्वाद.

मी बरी आहे. उपेंद्रची नोकरी नीट चालली आहे, सून वेळेवर गोळ्या देते. तुझा गुडघा कसा आहे?

खालच्या मजल्यावर एक गोरी म्हातारी लेकीकडे आली आहे. इंग्लंडजवळच्या मॅन नावाच्या बेटावरची. नातवंडांना बेटाची जुनी भाषा कॅसेट लावून शिकवते. आईच्या मांडीवर ती भाषा शिकलेली माणसं कधीच मेली, म्हणून कॅसेट. मला वाटलं, बाईला उद्योग नाही.

परवा तिनं मला माझ्या भाषेत काहीतरी बोलायला सांगितलं. नात अस्मी आमची दुभाषी. मी म्हटलं, "माजो भाव अजून पागूक जाता." तू अजून जाळं घेऊन खाडीत उतरतोस, एवढंच सांगत होते. अस्मीनं खांदे उडवले. "आय डोन्ट नो. आजी इज जस्ट टॉकिंग."

बाई तिला काहीतरी म्हणाली. मी अर्थ विचारला. "ती म्हणते, आमच्याकडे टेप आहे, तुझ्याकडे आजी आहे," असं सांगून अस्मी कार्टून बघायला पळाली.

घरात मालवणी काढली की सून म्हणते, "आई, नको, शाळेत हसतील." मी गप्प बसत आले. बसायला नको होतं.

शाळेच्या सुट्टीत पोरगी गावी येईल. शारजाची पाहुणी म्हणून तिच्यासमोर हिंदी फाडू नका. ओरडायचं तर मालवणीत ओरडा. तिला कळलं नाही तरी बोलत राहा. मला डॉक्टर विमानात बसू देत नाही. घाबरण्यासारखं काही नाही, पण बोलायला आता तुम्हीच आहात.

तुझी,
बाय