वॉल्टर आजोबांचा ड्रम

प्रिय मनोहरदादा,

आमचे पिस्कॅटवेचे शेजारी वॉल्टर आजोबा गेले. तरुणपणी ते एका बँडमध्ये ड्रम वाजवायचे, डान्स हॉलमधून स्विंग म्हणजे नाचाचं जॅझ. बँड बंद पडल्यावर जन्मभर टपाल वाटलं, पण ड्रम विकला नाही. जाताना तो आमच्या रुहीला दिला.

खंडेनवमीला मी तो तू दिलेल्या तबल्याशेजारी मांडला, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. तेवढ्यात रुही म्हणाली, "आई, यू नो दॅट्स काफस्किन, राइट?"

वासराचं कातडं, दादा! उचलायला हात पुढे केला, तर कुंकू नेमकं आजोबांच्या काठ्यांनी झिजलेल्या जागी लागलेलं. हात तिथेच थांबला. तबल्याचं कातडं कुणाचं, हे आपण कधी विचारलं होतं का रे?

हे पत्र तुला पाठवायचा मला धीर होत नाही. पण सांग ना, केलेला नमस्कार परत कसा घेतात?

तुझी,
सुनेत्रा