डोंगरातलं दार

२ फेब्रुवारी

माझंच दार! टीव्हीवर!

चहा गाळत होते, हात तसाच राहिला. ज्या परदेशाला आम्ही दार विकलं, त्या देशानं डोंगराखालचा आपला क्षेपणास्त्रांचा तळ जगाला दाखवला — लांबच लांब बोगदा, दोन्ही अंगांना क्षेपणास्त्रं, आणि तोंडाशी सरकणारं पोलादी दार. त्याचं ड्रॉइंग चितेगावच्या कारखान्यात मीच केलेलं. साहेब तेव्हा म्हणाले होते, "धान्याचं कोठार आहे, जमिनीखालचं."

मामंजींनी गल्लीभर सांगितलं — "आमच्या सूनबाईचं दार हाय त्ये!" खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

जेवताना नवरा, सुदर्शन, एवढंच म्हणाला, "दीपमाला, त्या दारातून बाहेर काय निघणार, कळतंय ना?"

मी उठून ताटं उचलली.

११ फेब्रुवारी

युद्ध पेटलं. त्या डोंगरावर बॉम्ब पडले.

१२ फेब्रुवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. फोन स्पीकरवर. पलीकडं त्या देशाचा इंजिनिअर, तुटक इंग्रजीत — दार अडकलंय, आत माणसं आहेत, हवा संपत आलीय. मागून ठोकल्याचा आवाज येत होता. आतून!

साहेबांनी आवाज बंद केला. "मॅडम, जुनं ड्रॉइंग सापडत नाही म्हणून सांगू. तुमच्यावर जबरदस्ती नाही."

तो बोगदा कशाचा, आता मला माहीत होतं. तरी कानातलं ठोकणं थांबेना. घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. सगळं सांगितलं.

"अगं, तिथं जीव गुदमराय लागलेत अन् तू मला काय इचारतीस?"

मग इंजिनिअरला सांगितलं. ओढू नका, रूळ वाकलाय. डावीकडच्या खालच्या पिना कापा. दार जॅकनं उचला — हळू, हळू! दुपार तशीच गेली. शेवटी पलीकडं एकदम कालवा झाला. रडणं, ओरडणं, खोकणं. निघाले! सगळे जिवंत!

साहेबांसमोरच हमसून रडले.

१३ फेब्रुवारी

सासूबाईंनी शिरा केला. सुदर्शन स्वतःहून म्हणाला, "बरं केलंस."

लई दिवसांनी शांत झोप लागली.

२० फेब्रुवारी

त्या तळावरून क्षेपणास्त्र सुटलं. त्यांच्या शेजारच्या देशात, भरल्या बाजारात पडलं. बातमीत नुसत्या चपला दिसत होत्या. आणि बायका, नावानं हाका मारणाऱ्या.

सुदर्शननं टीव्ही बंद केला. माझ्याकडं बघितलं नाही.

न सांगते तर? पण ठोकत होती ती माणसंच होती ना... कुणाला विचारू आता?

२१ फेब्रुवारी

इंजिनिअरचा मेसेज आला. खाली हात जोडलेले.

'मॅडम, दुरुस्तीनंतर दार उत्तम चाललं. कुठंही अडकलं नाही.'