आयाला साहेब आपल्या नात्यात

३ सप्टेंबर
तांत्रिक संचालकाची जागा रिकामी झाली. देवाने ऐकलं. माझ्या नवऱ्याने, विल्फ्रिदोने, टेलिफोन कंपनीत काय नाही केलं? चाकोच्या रानात टॉवर चढला, केबल जोडल्या, आज सगळ्या देशाचं नेटवर्क सांभाळतो. म्हणतो, माझं कामच बोलेल. इतक्या वर्षांत मी तरी ते बोललेलं ऐकलं नाही. आता मीच बघते.

४ सप्टेंबर, रोझरीच्या प्रार्थनेनंतर
सुचलं. आमच्या लिस माबेलचं चर्चमध्ये दृढीकरण आहे नोव्हेंबरात. धर्मपिता म्हणून आयाला साहेबांनाच विचारायचं. कंपनीत त्यांच्या वर फक्त छप्पर. ते मुलीचे धर्मपिता झाले की विल्फ्रिदोचे कोम्पाद्रे, म्हणजे धर्माने भाऊच. आमच्या असुन्सिओनमध्ये सख्ख्या भावाला नकार देतात, कोम्पाद्रेला देत नाहीत.
विल्फ्रिदो म्हणाला, "लाली, त्या माणसाला आपल्या मुलीचं नावसुद्धा माहीत नाही."
चिठ्ठीवर लिहून देऊ.

९ सप्टेंबर
लिस माबेलने परस्पर एलिदा आत्याला धर्ममाता होशील का म्हणून विचारून ठेवलं होतं. रडली. "आई, धर्मपिता मला हवाय की बाबांना?" उलट बोलणं शाळेत शिकवतात.
एलिदाला फोनवर समजावलं. मन मोठं आहे तिचं. मधेच फोन ठेवला, पण आपटला नाही.

१४ सप्टेंबर
चर्चमधल्या मासनंतर साहेबांच्या बायकोला गाठलं. साहेब हो म्हणाले! कॉम्प्युटर शिकलेल्यांना जमलं नसतं.

१० नोव्हेंबर
संस्कार छान झाला. साहेबांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, हळूच तिचं नाव विचारलं. किती आस्था. बाहेर सगळ्यांदेखत विल्फ्रिदोला मिठी मारून "कोम्पाद्रे!" म्हणाले. विल्फ्रिदोचा चेहरा दाढ दुखल्यासारखा. केक थोडा कमी पडला. पोटभर खाल्ल्याने पाप लागतं असं मी पाहुण्यांना सांगितलं.

१८ नोव्हेंबर
साहेब हल्ली विल्फ्रिदोला मीटिंगला बोलावत नाहीत. बरोबरच. घरच्या माणसाला कोण मीटिंगला बोलावतं?

२६ नोव्हेंबर
मुलाखतीच्या यादीत विल्फ्रिदोचं नाव नाही. म्हणजे थेट नेमणूक. व्हर्जिन मातेपुढे मोठी मेणबत्ती लावली. संचालकाच्या बायकोने छोटी लावणं बरं दिसत नाही.

२ डिसेंबर
जागा अदोर्नोला. त्याला विल्फ्रिदोनेच कामाला लावलं होतं.
कंपनीचा नियम आहे म्हणे, वरिष्ठाच्या हाताखाली त्याचा नातलग नको. दर वर्षी सगळ्यांनी नातलग लिहून द्यायचे. विल्फ्रिदोने लिहिलं: आयाला, कोम्पाद्रे. मी म्हटलं, कोणी विचारलं होतं? म्हणाला, "खरं होतं, लाली." इंजिनियर!
आताचं पदही त्याच नियमात जाणार. जानेवारीपासून सल्लागार. कोणाचा, ते अजून ठरलेलं नाही.
कंपनीच्या समितीने विचारलं, हे नातं कोणाच्या डोक्यातून निघालं? हा म्हणाला, माझ्या.

५ डिसेंबर
फादरांकडे गेले. विचारलं, हे नातं मोडता येतं का. ते हसले. "बाई, लग्न मोडायला रोमला पोपना लिहून बघता येतं. हे नाही मोडत." मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले.
घरी विल्फ्रिदोने मी कुठे गेले होते ते विचारलं नाही. उद्यापासून अदोर्नोला काम समजावून द्यायचंय. मी विचारलं, शर्ट कुठला काढू?
म्हणाला, कुठलाही.